रिबाउंड तुझाच, पण पुढे?

पत्र: ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या संघात बास्केटबॉल खेळते. उंची 5 फूट 8 इंच, म्हणून आपोआप सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी. आमच्या मुलींचा शॉट चुकला की बॉल बरेचदा माझ्याच हातात येतो, म्हणजे रिबाउंड माझा. पण पुढे काय करायचं ते मला सुचत नाही. वर मारला तर ब्लॉक होतो. ड्रिबल केला तर कुणीतरी काढून घेतं. बाहेर पास दिला तर सर ओरडतात, "रिंगखाली होतीस ना, मारला का नाहीस?" परवा सेमीफायनलला आम्ही एका पॉइंटने पुढे होतो, 11 सेकंद उरले होते. आमच्या गार्डचा (बाहेरून खेळ चालवणारीचा) शॉट चुकला, बॉल मला मिळाला आणि मी लगेच वर मारला. ब्लॉक झाला. त्यांनी पळत जाऊन लेअप केला, म्हणजे रिंगजवळून बास्केट केली, आणि आम्ही हरलो. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला डोकंच नाही." ग्रुपवर कुणी धड बोलत नाही. ताई, मला खरंच डोकं नाही का?
— रिंगखालची

उत्तर:

प्रिय रिंगखालची,

आधी त्या 11 सेकंदांचं बोलून टाकू, कारण तोवर तुझं बाकी कशात लक्ष लागणार नाही. हो, तो शॉट मारायला नको होता. एका पॉइंटने पुढे असताना, 11 सेकंद उरलेले असताना, बॉल आपल्याकडे असणं हेच तुमचं जिंकणं होतं. तुला आणखी दोन पॉइंटची गरजच नव्हती. गरज त्यांना होती, आणि त्यासाठी त्यांना बॉल लागणार होता. तो तू त्यांना दिलास.

आता दुसरी बाजू. मुळात गार्डने शॉट का मारला? शॉट क्लॉक (शॉट मारायला दिलेल्या वेळेचं घड्याळ) संपत आला असेल तर ठीक, नसेल तर हे पत्र तिनेही लिहायला हवं होतं. तू बॉल घेऊन खाली आलीस तेव्हा "बाहेर काढ!" असं ओरडणारी एक तरी होती का? बाकीच्या चौघी काय करत होत्या? बहुतेक उभ्या राहून बघत होत्या. आणि ब्लॉक झाल्यावर परत धावायला मागे कुणीच नव्हतं, हे तुझ्या पत्रातूनच दिसतंय. चूक तुझी होती, पण ती पाच जणींत वाटून घेण्यासारखी आहे. ग्रुपवर हे लिहू नकोस, भांडण होईल. स्वतःपुरतं लक्षात ठेव म्हणजे झालं.

आणि डोकं नाही म्हणशील तर एक किस्सा ऐक. 31 मे 2018, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या फायनल्सचा (अंतिम मालिकेचा) पहिला सामना, ओकलंडमध्ये. क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स एका पॉइंटने मागे, 4.7 सेकंद शिल्लक, त्यांचा जॉर्ज हिल फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) मारायला लाइनवर. पहिला फ्री थ्रो गेला, 107–107. दुसरा चुकला आणि रिबाउंड मिळाला त्यांच्याच जे. आर. स्मिथला, रिंगच्या जवळच. त्याने काय केलं? बॉल घेऊन बाहेर पळाला, थेट मध्यरेषेकडे, जणू आपण पुढेच आहोत. त्यांचा स्टार लेब्रॉन जेम्स दोन्ही हात पसरून रिंगकडे दाखवत राहिला. त्या रात्री लेब्रॉनने 51 पॉइंट केले होते. टाइमआउट शिल्लक होता, तोही कुणी घेतला नाही. सामना ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) गेला, समोरचे गोल्डन स्टेट वॉरियर्स 124–114 ने जिंकले आणि पुढे ती मालिकाही 4–0 अशी घेतली. स्मिथच्या डोक्यात त्या क्षणी काय होतं ते तोच जाणे. पण तू जे करायला हवं होतंस ते त्याने केलं, आणि त्याने जे करायला हवं होतं ते तू केलंस. रिबाउंड तोच, जागा जवळपास तीच. फरक होता फक्त स्कोअरच्या फळ्यावरच्या आकड्यांचा.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की ऑफेन्सिव्ह (आपल्याच संघाच्या चुकलेल्या शॉटच्या) रिबाउंडनंतरचा निर्णय बॉल हातात आल्यावर घ्यायचा नसतो. तो त्याआधीच अर्धा झालेला असावा लागतो. सहकाऱ्याच्या हातातून शॉट सुटला की बॉल रिंगपर्यंत जायला सेकंदभर लागतो. त्या सेकंदात तुला जागा तर घ्यायचीच आहे, पण शॉट सुटायच्या आधी, खेळ थांबलेला असताना, फळ्याकडे एकदा बघून ठेवायचं आहे. किती पुढे, किती मागे, किती वेळ. प्रत्येक फाउलला, प्रत्येक आउटला बघ. आमचे सर मॅच चालू असताना मधूनच आमच्यावर ओरडायचे, "स्कोअर काय?" ज्या मुलीला सांगता आला नाही ती बाहेर. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्यांनी दिलेली सगळ्यात उपयोगी शिक्षा तीच.

पण सगळेच रिबाउंड शेवटच्या 11 सेकंदांत मिळत नाहीत. मॅचमध्ये आठ-दहा मिळाले तर त्यातले बहुतेक मधल्या वेळेत असतात, आणि खरी अडचण तुझी तिथे आहे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू लिहितेस, मारला तर ब्लॉक, ड्रिबल केला तर बॉल जातो, पास दिला तर शिव्या. म्हणजे तू स्वतःला विचारतेस, "मारू की देऊ?" प्रश्नच चुकतोय. विचारायचं ते असं: माझे पाय जमिनीवर टेकले तेव्हा माझ्या आणि रिंगच्या मध्ये कोण आहे?

कुणी नसेल तर विचार संपला. वर जा. ड्रिबल नाही, बॉल खाली आणणं नाही, उगाच फेक (शॉटची हूल) नाही. 1983 च्या अमेरिकन कॉलेज अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या डेरेक व्हिटनबर्गने शेवटच्या क्षणी लांबून मारलेला बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही. लॉरेन्झो चार्ल्स रिंगखाली होता. त्याने हवेतच तो धरला आणि हवेतूनच खाली दाबला. 54–52. समोरच्या ह्यूस्टनकडे ओलाजुवानसारखा उंच सेंटर होता, पण चार्ल्स जमिनीवर उतरून विचार करत बसला नाही. आता तू डंक करणार नाहीस, मीही कधी केला नाही. पण दोन पायांवर उतरून त्याच दमात वर जाणं तुला जमेल. बॉल रिंगमागच्या बोर्डावर लागायला हवा, रिंगला नव्हे, एवढं बघ.

कुणी असेल, म्हणजे पाठीला चिकटलेली किंवा समोर हात वर करून उभी, तर सरळ वर मारलेला बॉल तिच्या हातात जाणार. तुझे ब्लॉक असेच होत असणार. इथे घाई सोड. खांद्यावरून एकदा मागे बघ. उजवीकडे असेल तर डावीकडून वर, डावीकडे असेल तर उजवीकडून. रिंगच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उलटा लेअप मारलास तर रिंग आणि जाळी तुझं संरक्षण करते, मागून येणाऱ्या हाताला मध्ये लोखंड येतं. नाहीतर एक शॉट फेक दे, पण खरी दे: बॉल कपाळापर्यंत, डोळे रिंगवर, गुडघे मात्र वाकलेलेच. आपल्याकडे ज्युनिअर गटात निम्म्या मुली पहिल्याच फेकला उडतात. ती खाली येत असताना तू वर जायचं. बऱ्याचदा फाउलही मिळतो.

आणि दोघी-तिघी असतील तर? मग बाहेर. यात भित्रेपणा नाही. तू रिंगखाली बॉल घेतलास की त्यांच्या तिघी तुझ्याकडे धावतात. याचा अर्थ बाहेर तुझ्या दोघी तरी मोकळ्या झाल्या आहेत, आणि त्यांना पकडायला कुणाचं लक्षच नाही. बचावाला सर्वांत वाईट क्षण हाच. शॉट चुकला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला असतो, प्रत्येकीने आपली मुलगी सोडून बॉलकडे तोंड केलेलं असतं.

या एका पासवर अख्खं अजिंक्यपद फिरलं आहे. 18 जून 2013, मायामीत फायनल्सचा सहावा सामना. सॅन अँटोनिओ स्पर्स मालिकेत 3–2 ने पुढे, सामन्यातही 95–92 ने पुढे. तेव्हा मायामीकडून खेळणाऱ्या लेब्रॉनचा तीन पॉइंटचा शॉट चुकला. त्याच्याच संघातल्या ख्रिस बॉशने रिबाउंड घेतला. दोन पॉइंटचा काहीच उपयोग नव्हता, तीनच हवे होते, आणि बॉशला ते माहीत होतं. त्याने वर बघितलंही नाही. त्यांचा शूटर रे ॲलन रिंगजवळून पाठमोरा मागे सरकत उजव्या कोपऱ्यात चालला होता, बॉशने बॉल तिथे दिला. 5.2 सेकंद असताना 95–95. ओव्हरटाइममध्ये मायामी 103–100 ने जिंकली, सातवा सामनाही तिनेच घेतला. स्पर्सचा सर्वांत मोठा रिबाउंडर टिम डंकन त्या क्षणी बाकावर बसला होता. बाहेरच्या शूटरांना रोखण्यासाठी प्रशिक्षकाने त्याला काढलं होतं. त्यावर लोक अजून वाद घालतात.

या कहाणीतला मला सर्वांत आवडणारा भाग बॉशचा नाही, ॲलनचा आहे. तो सरावात जमिनीवर आडवा पडायचा, उठायचा, न बघता मागे पळत कोपऱ्यात जायचा आणि तिथे आलेला पास घेऊन मारायचा. तीन पॉइंटच्या रेषेवर पाय पडू द्यायचा नाही, कोर्टबाहेरही जायचा नाही. म्हणजे रिबाउंड कुणीतरी घेईल आणि मला देईल, एवढ्या एका शक्यतेसाठी त्याने वेगळा सराव केला होता. तुझ्या संघात असं कोण करतं? तू बॉल घेतल्यावर बाहेरच्या दोघींनी जागा बदलून, हात दाखवून, नावाने हाक मारायला हवी. "इकडे!" नव्हे. "इकडे" म्हणजे कुठे ते तुला पाठमोरं कळणार नाही. "उजवा कोपरा!" असं. हे तू एकटी नाही ठरवू शकत. संघात बसून ठरवावं लागेल.

ड्रिबलचं काय, असं तू विचारशील. रिंगखाली ड्रिबल हा माझ्या मते सर्वांत वाईट पर्याय. तिथे सगळ्या उंच मुली जमलेल्या असतात, बॉल जमिनीपर्यंत जाऊन यायला जो वेळ लागतो तो त्यांच्या छोट्या गार्डला पुरतो. मी कॉलेजात असताना एका फायनलला बॉल घेऊन नुसता कमरेपर्यंत आणला. ड्रिबलसुद्धा नाही. त्यांची सर्वांत बुटकी मुलगी खालून हात घालून घेऊन गेली, आणि मी रेफरीकडे बघत उभी राहिले, फाउल झाला असं वाटून. झाला नव्हता. पुढे आठवडाभर मला सरावात बॉल हनुवटीच्या खाली आणायची बंदी होती. जत्रेच्या गर्दीत बाई पर्स जशी छातीशी कवटाळते तसा बॉल धर, हनुवटीखाली, कोपरं बाहेर. कोपरं बाहेर ठेव, पण गरगर फिरवू नकोस. त्याने दुसरीचे दात पडतील आणि शिक्षा तुलाच होईल.

घाई होण्याचं आणखी एक कारण मला तुझ्या पत्राच्या सुरात जाणवलं: थ्री सेकंदची भीती, म्हणजे रिंगखालच्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलं तर बॉल जाईल ही. बऱ्याच मुलींना वाटतं की आपण आधीपासून आत उभ्या आहोत, आता शिट्टी वाजेल. शॉट हातातून सुटला की बॉलवर कुणाच्याच संघाचा ताबा नसतो, त्यामुळे तीन सेकंदांची मोजणी तिथेच थांबते. तू रिबाउंड घेतलास की नव्याने सुरू होते. शॉट क्लॉकचंही तसंच. बॉल रिंगला लागून तुमच्याकडेच परत आला तर नवे 14 सेकंद मिळतात. हा नियम आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये 2014 पासून आहे, एनबीएने तो 2018–19 च्या मोसमापासून घेतला. मात्र बॉल रिंगला लागलाच नसेल तर जुनाच क्लॉक पुढे चालू राहतो, तेव्हा नुसत्या हवेत गेलेल्या शॉटनंतर आरामात राहू नकोस. जिल्हा स्पर्धांत अनेकदा क्लॉकच नसतो आणि टेबलावरून जे ओरडतील ते खरं, हे मलाही माहीत आहे. तरी 14 सेकंद हा पुरेसा वेळ आहे. तुला लागतात त्यातले दोन.

आता त्या सेमीफायनलकडे परत. 11 सेकंद होते, म्हणजे 14 पेक्षा कमी, म्हणजे शॉट क्लॉकचा प्रश्नच नव्हता. तुम्ही बॉल नुसता सांभाळला असता तरी चाललं असतं. पण बॉल घेऊन पुतळ्यासारखं उभं राहता येत नाही. कुणी अंगाला येऊन उभी राहिली तर पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल करावाच लागतो. म्हणून लगेच बाहेर गार्डला. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे, जी फारसं कुणी सांगत नाही. त्यांना घड्याळ थांबवायचं असतं, त्यामुळे त्या मुद्दाम फाउल करणार. क्वार्टरमधला पाचवा टीम फाउल (संघाचे सगळे मिळून) झाला की दोन फ्री थ्रो. मग फ्री थ्रो कुणाच्या हातून मारलेले तुम्हाला आवडतील? त्या मुलीकडे बॉल आधीच पोचायला हवा. म्हणजे रिबाउंडनंतरचा तुझा पास नुसता बाहेर नाही, संघातल्या सर्वांत भरवशाच्या फ्री थ्रो मारणारीकडे. ती कोण, हे मॅचच्या आधी माहीत हवं.

ती मुलगी तूच असशील तर? मग बॉल घट्ट धर आणि फाउल होऊ दे.

सरांबद्दल. "डोकं नाही" हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं, आणि हे मी एक शिक्षक म्हणूनही म्हणते. पण त्यांच्या दोन्ही ओरडण्यांत विरोध नाही, एवढं मात्र बघ. मोकळी असताना पास दिलास तेव्हा ते "मार" म्हणाले. अडलेली असताना मारलास तेव्हा वेगळं ओरडले असतील. ते बाकावरून जे बघतात ते तुला पाठमोरं दिसत नाही. त्यांच्याकडे जा, पण हरलेल्या मॅचनंतर नव्हे. सराव सुरू व्हायच्या आधी, एकटी जा. दोनच गोष्टी विचार: "सर, मी रिबाउंड घेतल्यावर बाहेर कुणी कुठे उभं राहायचं?" आणि "शेवटच्या दोन मिनिटांत आपण पुढे असलो तर माझा पहिला पास कुणाला?" तक्रार नाही, रडणं नाही. प्रश्न नेमका असला की बहुतेक सर उत्तर देतात, आणि पुढच्या वेळी ओरडतानाही तेच शब्द वापरतात.

आणखी एक सांगते, ते पटलं तर घे. तुला वाटतं की सेंटर म्हणजे रिबाउंड घेऊन बास्केट करणारी. सगळे सेंटर तसे नसतात. मोझेस मलोनने 1978–79 च्या मोसमात ह्यूस्टन रॉकेट्सकडून 587 ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले, एका मोसमातला तो एनबीएचा विक्रम आहे. त्याची सरासरी जवळपास 25 पॉइंटची होती. तो बॉल घ्यायचा, परत मारायचा, चुकला तर परत घ्यायचा, परत मारायचा. समोरचे थकायचे. दुसरीकडे डेनिस रॉडमन. 1995–96 मध्ये शिकागो बुल्सकडून सामन्याला 14.9 रिबाउंड आणि पॉइंट फक्त 5.5. त्या वर्षीच्या फायनल्समध्ये दोन सामन्यांत त्याने प्रत्येकी 11 ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले. घेतलेला बॉल तो बहुतेक वेळा बाहेर द्यायचा, कारण बाहेर संघाचा मुख्य स्कोअरर मायकेल जॉर्डन उभा होता आणि आपला हात कसा आहे हे रॉडमनला पक्कं ठाऊक होतं. तू यातली कोण? रिंगखालून दहापैकी सात-आठ टाकत असशील तर मोझेस हो. चारच जात असतील तर काही महिने रॉडमन राहा आणि तोवर हात सुधार. सेंटर आहे म्हणून मारलंच पाहिजे असा कुठे नियम नाही.

सरावासाठी फार काही लागत नाही. एक मैत्रीण आणि एक बॉल. तू बॉल बोर्डावर मार, उडी मारून घे, दोन पायांवर उतर. मैत्रीण तुझ्या मागे उभी. कधी ती तुझ्या पाठीला हात लावेल, कधी लांब सरकेल, कधी उजवीकडे येऊन हात वर करेल. तू उतरतानाच खांद्यावरून बघायचं आणि तिची जागा मोठ्याने सांगायची, "मागे", "उजवी", "नाही". सांगितल्याशिवाय काही करायचं नाही. पहिले चार दिवस हसू येईल, बॉलही सुटेल. नंतर बोलणं बंद केलंस तरी डोळे बघतच राहतील. तिसरी मुलगी मिळाली तर तिला कोपऱ्यात उभी कर, तिघींचा खेळ कर. ड्रिबल केला की दोन पुशअप.

आणि मॅचेस बघ. एनबीएचे नुसते डंकचे तुकडे नकोत, पूर्ण मॅच. त्यातही बॉल सोडून फक्त सेंटरकडे बघ. कधी मुंबईला गेलीस तर नागपाड्याच्या कोर्टवर संध्याकाळी थांब. गर्दीतून बॉल कसा बाहेर काढतात ते टीव्हीपेक्षा तिथल्या कट्ट्यावरून जास्त कळतं.

ग्रुपवर मुली बोलत नाहीत त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या सरावाला जा, गार्डला सांग, "परत तसं झालं तर मी तुला देणार आहे, तू मागे सरकून थांब." चूक झाली म्हणून माफी मागण्यापेक्षा हे वाक्य जास्त काम करेल असं मला वाटतं. ती गार्डही आतून तिच्या त्या शॉटबद्दल अस्वस्थ असणार.

एक काम देते. उद्यापासून सराव संपल्यावर, दमलेली असताना, 50 फ्री थ्रो मार. किती गेले ते वहीत लिही. पंधरा दिवसांचे आकडे मला पाठव. त्यावरून ठरवू, शेवटच्या 11 सेकंदांत बॉल तुझ्याकडे ठेवायचा की नाही.

तुझी,
ताई